गळ्यातून गळ्यात

ड्रेस अजून दुकानाच्या पिशवीतच होता. चिंतामणी रंगाचा, गळ्याशी बारीक आरसे लावलेला. राजनंदिनीने तो स्वतः कोल्हापूरच्या राजारामपुरीत जाऊन निवडला होता आणि वाढदिवसाच्या सकाळी घालायचा म्हणून कॉटवर काढून ठेवला होता. ती अंघोळ करून खोलीत आली तेव्हा आई कॉटच्या कडेवर बसली होती. आईने पिशवी फाडली, ड्रेस उलगडून आपल्या वाढलेल्या पोटावर पसरला, आणि ब्लाउजमध्ये दोन बोटं घालून काळ्या गोफात ओवलेला चांदीचा टाक बाहेर काढला. तो तिने ड्रेसच्या आरशांवर टेकवला. क्षणभरच, नोटेवर शिक्का मारावा तसा. दारात तानाबाई उभी होती, आईच्या दुसऱ्या नवऱ्याची, विजयसिंहांची आई. "बगितलं न्हवं तिनं?" तानाबाई म्हणाली. "बगितलं," आई म्हणाली. "मग घाल जा गं पोरी. झाक दिसंल तुला." राजनंदिनी ओल्या केसांचं पाणी पाठीवर ठिबकत असताना तशीच उभी राहिली. "माझा ड्रेस कशाला?" तिने विचारलं. आईने टाक परत आत सोडला, ब्लाउजचं हुक लावलं आणि हसून म्हणाली, "घरात आलेलं नवं सगळं आधी तिला दाखवायचं असतंय. तू काय घराबाहेरची आहेस?"

एवढंच झालं होतं. कोणी ओरडलं नव्हतं, कोणी काही काढून घेतलं नव्हतं. उलट त्या दोघींच्या मते तिला काहीतरी दिलं गेलं होतं. पण राजनंदिनीने तो ड्रेस डोक्यातून खाली ओढला तेव्हा आतल्या अंधारात तिला वाटलं की तो कोणीतरी आधी घालून पाहिलेला आहे. दोन वर्षं या घरात आईची प्रत्येक साडी, अनुजाचं प्रत्येक दप्तर, मिक्सर, पडदे, गॅसची नवी शेगडी, सगळं आधी त्या टाकाला टेकवलं जात होतं. राजनंदिनीच्या वस्तू मात्र त्यातून सुटत होत्या. तिच्या चपला, तिची सायकल, अकरावीची पुस्तकं परस्पर तिच्याकडे येत. त्याबद्दल तिला सुरुवातीला वाईट वाटलं होतं. आपण मागनं आलेली म्हणून आपलं सामानही मोजत नाहीत, असं. पुढे त्याचंच तिला बरं वाटू लागलं. या फुलेवाडीतल्या घरात जमिनीचा एक कोपरा असा आहे जिथपर्यंत ती बाई येत नाही, आणि आपण त्या कोपऱ्यात राहतो. आज ती तिथेही आली होती.

ती बाई म्हणजे पद्मजा, विजयसिंहांची पहिली बायको, अनुजाची आई. कावीळ होऊन गेली तेव्हा अनुजा चालायला शिकत होती. हॉलमध्ये तिचा फोटो होता, गोल काचांचा चष्मा, किंचित पुढे आलेले दात, चंदनाच्या सालीचा हार. फोटोतल्या बाईचं राजनंदिनीला काही वाटत नसे. तो चेहरा एखाद्या शाळेतल्या शिपाईकाकूंचा असावा तसा साधा होता. भीती होती ती टाकाची. लग्न ठरलं तेव्हा तानाबाईने हुपरीहून तो करून आणवला आणि मंगळसूत्राच्या आधी आईच्या गळ्यात घातला. दुसरेपणाची बायको पहिलीला गळ्यात वागवते, म्हणजे पहिली रागावत नाही, रात्री घरात फिरत नाही, पोरांना नजर लावत नाही. अंगठ्याच्या नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी एक बाई, दोन्ही हात खाली सोडलेले, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. चष्मा नव्हता. राजनंदिनीने एकदा विचारलं होतं, "ही पद्मजाकाकींसारखी दिसत नाही." तानाबाई म्हणाली होती, "साचा एकच असतोय. सगळ्या बायका तशाच निघत्यात." ते उत्तर तिच्या डोक्यात बराच काळ राहिलं. आई स्वयंपाकघरात वाकली की टाक ब्लाउजमधून सुटून लोंबायचा, आणि त्यावरची ती ठिपक्यांच्या डोळ्यांची बाई पद्मजा नसून आईच आहे असं तिला दिसायचं.

आईला मुरगूडला, वडिलांच्या घरी, ती मम्मी म्हणायची. इथे आल्या दिवसापासून अनुजाने तिला 'आई' अशी हाक मारायला सुरुवात केली, कोणी न शिकवता, दिवसातून असंख्य वेळा, भूक लागली तरी आणि नाही लागली तरी. मग असं होऊ लागलं की राजनंदिनीची हाक आईला ऐकूच जात नसे. ती भांडी घासत असताना "मम्मी" म्हटलं तर ती घासतच राही, आणि अनुजाने मागच्या खोलीतून 'आई' म्हटलं की साबणाचे हात तसेच घेऊन निघे. राजनंदिनीही मग आई म्हणू लागली. तो शब्द तिच्या तोंडात उसना होता, अनुजाकडून घेतलेला. विजयसिंहांना ती काहीच म्हणत नसे. त्यांचं काही वाईट नव्हतं. ते कागल पंचतारांकित एमआयडीसीत मशीन शॉपला सुपरवायझर होते, शिफ्टवरून आले की हातपाय धुऊन शांत बसत, तिला क्लासला सोडायला गाडी काढत, आणि वाटेत काहीच विचारत नसत. तिला वाटे, त्यांनी एकदा तरी ओरडावं. ओरडणाऱ्या माणसाचं घर सोडून जाणं सोपं असतं.

तिचे वडील ओरडत. धैर्यशील रिवाइंडिंग वर्क्स, मुरगूडच्या बाजारपेठेत, एका कापड दुकानाच्या जिन्याखाली. उसाच्या पट्ट्यातल्या पंपांच्या जळलेल्या मोटारी तिथे येत. काळ्या पडलेल्या वायंडिंगचा वास, त्यावर ताज्या व्हार्निशचा वास, आणि त्यावर पप्पांच्या घामाचा. ते लाकडी साच्यावर तांब्याची तार गुंडाळताना पुटपुटत मोजत, आणि मध्येच कोणी बोललं की ओरडत, "गप की! वेढं चुकलं!" हंगामात काम साचलं की मम्मी दुपारची दुकानात येऊन बसे आणि तीही कॉइल गुंडाळायची. दोघं समोरासमोर बसून ओठ हलवत मोजायची, एकमेकांकडे न बघता. राजनंदिनी पायरीवर बसून तारेचे तुकडे गोळा करी. शेवटचा वेढा संपला की पप्पा तारेचं टोक आधीच्या वेढ्याखालून ओढून उलटं दाबत आणि नखाने सपाट करत. दुसरे कारागीर नुसता पीळ देऊन सोडायचे. "टोक उघडं राहिलं की कुठंतरी अडकणार," ते म्हणत, "अडकलं की सगळं उसवणार." कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना कोल्हापूरला आणलं आणि ते परत आले नाहीत. स्मशानात एकट्या जोतीरामकाकांना जाऊ दिलं. घरी काहीच आलं नाही, कपडेसुद्धा नाहीत. वर्षश्राद्धाला काकांनी देव्हाऱ्यात पप्पांचा टाक बसवला. राजनंदिनीने तो वाकून पाहिला. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला माणूस. पप्पांना सेकंडहँड स्कूटरसुद्धा नीट उभी करता येत नसे. "हे पप्पा?" तिने विचारलं होतं. काका म्हणाले होते, "बाप्यांचा साचा तसलाच असतोय, बाळ." तिला तेव्हा हसू आलं होतं आणि मग सगळ्यांसमोर रडू आलं होतं.

वाढदिवसाच्या त्या सकाळनंतर तिच्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि तो थांबेना. आई पद्मजाला गळ्यात वागवते. पहिला घास घेण्याआधी ती नकळत बोटं टाकाला लावते. झोपताना कूस बदलते तेव्हा आधी टाक सरळ करते. म्हणजे विजयसिंहांचं मेलेलं माणूस आईच्या अंगावर आहे. मग आईचं मेलेलं माणूस कुठे आहे? ते मुरगूडच्या देव्हाऱ्यात, घोड्यावर, आणि आईला आता त्या देव्हाऱ्यासमोर जाता येत नाही. जुन्या सासरच्या पितृपक्षातल्या म्हाळाला दुसरीकडे नांदणारी बाई जात नाही. तिने एकदा क्लासला जायच्या वाटेवर गुजरीत थांबून एका सोनाराला विचारलंही होतं, पुरुषाचा टाक गळ्यात घालायला करून मिळेल का. म्हातारा सोनार चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणाचा?" "वडलांचा." "त्यो देव्हाऱ्यात बसतोय. गळ्यात न्हाय. भाऊ हाय तुला?" "नाही." "मग चुलत्याकडं आसंल की. लेकीकडं टाक जात न्हाय, बाळ. लेक दुसऱ्या घरची." तो निष्ठुरपणे बोलला नव्हता. पाऊस कधी पडतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं होतं.

म्हाळ बुधवारी होता. काकांचा फोन आला तेव्हा ती गच्चीवर होती. "ये. तुझ्या बापाचं पान हाय. आणि हे बघ, तितं करमत नसलं तर हितंच ऱ्हा. तुझी काकी बी म्हणत्या. मुरगूडच्या कॉलेजात नाव घालू. तुझं घर हाय की." त्या संध्याकाळी राजनंदिनीने पाठीवरच्या सॅकमध्ये कपडे, दहावीचं मार्कशीट आणि चार्जर भरला. कंपासपेटीही टाकली. तिच्यात पप्पांच्या दुकानातली तांब्याची तार होती, बोटाभोवती गुंडाळून वळकटी केलेली. चिंतामणी ड्रेस तिने घेतला नाही. सॅक दाराआड उभी राहिली. आईला मंगळवारी सांगायचं असं तिने ठरवलं. काय बोलायचं ते वाक्यही ठरलं होतं: मी काही दिवस काकांकडे जाते. 'काही दिवस' हे खोटं होतं आणि ते आईला कळणार होतं. आई थांब म्हणेल का, हे तिला पाहायचं होतं. खरं म्हणजे सगळी तयारी तेवढ्यासाठीच होती.

मंगळवारी सकाळी आईचे पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले. डॉक्टरांनी रक्तदाब बघून लगेच ॲडमिट व्हायला सांगितलं. दिवस भरायला अवकाश होता, पण थांबता येणार नव्हतं, ऑपरेशन करावं लागणार होतं. शाहूपुरीतल्या हॉस्पिटलच्या खोलीत नर्स आली आणि म्हणाली, अंगावरचं सगळं धातूचं काढा. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र आईने एकेक काढून रुमालात ठेवलं आणि विजयसिंहांनी तो रुमाल खिशात घातला. टाकाशी आईचा हात थांबला. "ह्यो बी काढा," नर्स म्हणाली. तानाबाई पुढे आली. "त्यो रुमालात जात न्हाय, बाई. खाली ठेवायचा न्हाय, पेटीत न्हाय, खिशात न्हाय. गळ्यातनं काढला की गळ्यात." "मग तुमच्या गळ्यात घाला की, आजी." "सासूनं सून गळ्यात घालायची व्हय? काय बोलायलाईस!" नर्सने घड्याळाकडे पाहिलं. अनुजा हात पुढे करत म्हणाली, "मी घालू?" "तू गप. पोरीच्या गळ्यात मेलेली आई घालत न्हाईत." मग तानाबाईची नजर खोलीतून फिरली आणि राजनंदिनीवर येऊन थांबली. "तू घाल. तुझं-तिचं कायच न्हाय."

आईने तिला जवळ बोलावलं. "नंदू, वाक." पूर्वी वेणी घालताना म्हणायची तसंच. गोफ डोक्यावरून खाली आला आणि टाक तिच्या छातीवर पडला. तो गरम होता. आईच्या अंगाची सगळी ऊब त्यात होती, आणि ती ऊब तिला हवी होती म्हणून ती दचकली नाही. मग लक्षात आलं की आपण कोणाला अंगावर घेतलं आहे. "उद्या म्हाळ आहे मुरगूडला," ती एकदम म्हणाली. ठरवलेलं वाक्य तिला आठवलं नाही. आई तिच्याकडे बघत राहिली. उत्तर तानाबाईने दिलं, "हिला घिऊन दुसऱ्याच्या म्हाळाला जातीस? त्यांच्या पितरांच्या पानावर जाऊन बसंल ती. आणि अनुजाला कोण बघंल? मी हितं, विजय हितं. पुढच्या वर्षी जा की. बाप काय पळून जातोय?" विजयसिंह हळूच म्हणाले, "आई, असं बोलू नको." पण तेवढ्यात स्ट्रेचर आलं, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

विजयसिंहांच्या गाडीवर मागे बसून घरी येताना टाक हळूहळू गार झाला. रंकाळ्याच्या वळणावर वारा लागला तेव्हा तर तो बर्फासारखा झाला, आणि मग तिच्या स्वतःच्या अंगाने तापू लागला. हेच तिला सहन होईना. आईची ऊब गेली आणि आता या बाईला आपण ऊब देतो आहोत. रात्री तिने गोफ पाठीकडे फिरवून पाहिला, तर टाक मणक्यावर टोचत राहिला. ऑपरेशन उद्यावर गेलं होतं. आधी रक्तदाब खाली यायला हवा होता.

बुधवारी दुपारी घरात त्या दोघीच होत्या. वीज गेली होती. अनुजा जेवून झोपायला आली आणि विचारल्याशिवाय राजनंदिनीच्या कुशीत शिरली. ती रोज आईच्या कुशीत शिरायची तशी. तिचा हात सरावाने गळ्याशी गेला, तिने टाक मुठीत धरला, अंगठा त्या बाईवरून खालीवर फिरवला, आणि थोड्याच वेळात तिचा श्वास जड झाला. झोपली तरी मूठ सुटली नाही. गोफ राजनंदिनीच्या मानेला काचत होता. उताणं पडून छताकडे बघण्याशिवाय तिला काही करता येत नव्हतं. मान वळवली की मुलीची मूठ ओढली जाई आणि ती झोपेत कण्हत असे. म्हणजे आई दोन वर्षं अशी झोपत होती. रोज दुपारी, रोज रात्री, दुसरीकडे मान न वळवता. राजनंदिनी कितीदा तरी दारातून बघून गेली होती, आई आपल्याकडे पाठ करून झोपली आहे म्हणून. घामाची एक धार कानामागून गादीत गेली. मुरगूडला आता पान वाढलं असेल. पप्पांना आवडायची ती वाटाण्याची उसळ काकी विसरली नसेल. काका दारात उभे राहून एस. टी. ची वाट बघत असतील आणि मग म्हणतील, चला, घ्या उरकून. टेबलावर तिचा फोन घरघरला, थांबला, परत घरघरला. हात पुरत नव्हता. तिने खांदा थोडा उचलला. अनुजाने झोपेतच टाक स्वतःकडे ओढला, काहीतरी बारीक तुटल्यासारखं झालं, आणि मानेवरचा ताण एकदम गेला.

टाक कॉटखाली गेला होता. ती फरशीवर पालथी पडली आणि हाताने चाचपत राहिली. धूळ, केसांचा गुंता, अनुजाचा हरवलेला खोडरबर, आणि मग तो थंड पत्रा. गोफ ज्या कडीतून जात होता ती तुटली होती. खाली ठेवायचा न्हाय, तानाबाईने सांगितलं होतं. तो तर खालीच पडला होता, आणि काहीही झालं नव्हतं. समोरच्या घरातून कुकरची शिट्टी आली. अनुजा रिकामी मूठ तशीच धरून झोपली होती. राजनंदिनीने गळ्याला हात लावून पाहिला. गळा मोकळा होता. हलकेपणा इतका होता की तिला किंचित गरगरलं. टाक अनुजाच्या उशाशी ठेवायचा, सॅक उचलायची, नाक्यावरून केएमटीची बस, स्टँडवरून मुरगूड गाडी. पान उचललं असेल, पण दिवस संपला नव्हता. तिने खरोखरच सॅक पाठीवर घेतली. दाराची कडी काढली. दाराबाहेर तिच्या चपलांशेजारी अनुजाच्या चपला होत्या, नेहमीप्रमाणे उलट्या पायांच्या लावलेल्या. ही मुलगी उठेल, आई म्हणून हाक मारेल, आणि घरात कोणीच नसेल. आणि अशी हाक मारल्यावर कोणीच नसणं म्हणजे काय ते राजनंदिनीला माहीत होतं. अनुजाचा तिला राग आला. मग आत येऊन तिने कडी लावली.

कंपासपेटीतली तार तिने खिडकीच्या उजेडात उलगडली. तुटलेल्या कडीच्या जागी टाकाच्या वरच्या भोकातून ती ओवली, गोफाभोवती घेतली, परत ओवली. तिला फक्त कोणाला कळू नये एवढंच हवं होतं. पण हात चालायला लागले तसे ओठही हलायला लागले, आणि वेढे संपले तेव्हा तिच्या बोटांनी तारेचं टोक आधीच्या वेढ्याखालून ओढून उलटं दाबलं आणि नखाने सपाट केलं. तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. झालं तेव्हा ती त्याकडे बघत राहिली. चांदीवर तांब्याची लालसर तार उठून दिसत होती. लपवण्यासारखं काहीच झालं नव्हतं. गोफ गळ्यात घातला तेव्हा फोन वाजला. विजयसिंह होते. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "नंदू, मुलगा झाला. आई बरी आहे. तुला विचारत होती शुद्धीवर आल्या आल्या." ती काहीतरी म्हणाली. मग तिने काकांना फोन लावला. "आलीच न्हाईस," काका म्हणाले. "तुझी वाट बघून पान वाढलं. उद्या ये की मग." "उद्या," ती म्हणाली, आणि पुढे त्यांना बाळाचं सांगावं की नाही ते न कळून तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या खोलीत डेटॉलचा आणि दुधाचा वास होता. आई उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, गळा उघडा. मानेभोवती गोफाचा फिकट वळ होता, घड्याळ काढल्यावर मनगटावर राहतो तसा. बाळ विजयसिंहांच्या हातात होतं. ते त्याला नवं मशीन धरावं तसं धरून उभे होते. अनुजा त्यांच्या कोपराखालून बघत म्हणाली, "ह्याला भुवयाच न्हाईत!" आई हसली, हसताना टाके दुखले म्हणून कळवळली, आणि मग तिने राजनंदिनीकडे हात पसरला. "आण." राजनंदिनीने गोफ काढून तिच्या तळव्यावर ठेवला.

आईने तो लगेच घातला नाही. तिचा अंगठा नेहमीसारखा टाकावरून वर सरकला आणि तारेशी थांबला. तिने टाक उलटा केला. मग डोळ्यांनी न बघता, खिडकीकडे बघत, ती अंगठ्याने वेढे चाचपू लागली. तिचे ओठ हलत होते. अंगठा शेवटच्या वेढ्याशी आला, दाबलेलं टोक सापडलं, आणि तिथेच राहिला. "तार कुठली ती?" तानाबाईने विचारलं. "कडी तुटली. मी बांधली." "तांबं चांदीला बांधत्यात व्हय? सोनारानं डाग दिला असता की." विजयसिंह म्हणाले, "संध्याकाळी गुजरीत टाकतो. कडी बसवून देईल." "नको," आई म्हणाली. इतक्या लवकर म्हणाली की सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. राजनंदिनीही पाहत होती. आता आई तो गळ्यात घालेल, असं तिला वाटलं, तारेसकट, सगळ्यांसमोर. कालची सगळी दुपार, खिडकी, नख, सगळं या क्षणासाठी होतं असं तिला वाटलं. आईने गोफ दोन्ही हातांनी उचलला. विजयसिंह समोर बाळाला घेऊन उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि गोफ खाली मांडीवर आला. "नंदूकडंच राहू दे," ती म्हणाली. "मला आता बाळाला घ्यायचं असतंय. त्याला टोचंल." "आणि तिनं किती दिस घालायचा?" तानाबाई म्हणाली, पण विचार करत, भांडायला नव्हे. "राहू दे आत्या," आई सासूला म्हणाली. तानाबाईने राजनंदिनीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बाजारात वस्तू बघतात तसं नाही, ओळखीच्या माणसाला पुन्हा ओळखावं तसं. "राहू दे मग. गळा घरातलाच हाय."

"वाक," आई म्हणाली. राजनंदिनी वाकली. गोफ घालताना आईची बोटं तिच्या मानेवर, केसांखाली, गरजेपेक्षा थोडी जास्त थांबली. तिला वाटलं आई काहीतरी कानात सांगेल. आईने फक्त टाक सरळ केला, तार आतल्या बाजूला वळवली आणि हात काढून घेतला. मग तिने बाळाला छातीशी घेतलं आणि मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, मोकळी, आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. तो श्वास राजनंदिनीने ऐकला. त्यात दुःख नव्हतं. मी काही दिवस काकांकडे जाते, हे वाक्य तिला आता शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते म्हणायला काहीही अडचण नव्हती. सगळे बरे होते, सगळे आनंदात होते. पण हा गळा घेऊन मुरगूडच्या देव्हाऱ्यापुढे जाता येत नव्हतं, आणि टाक उतरवायला खोलीत दुसरा गळा नव्हता. टाक तिच्या अंगाला लागून तापायला लागला होता. तारही.

अनुजाने आपल्या दप्तरातून एक पिशवी काढली. येताना विजयसिंहांनी तिच्या हट्टावरून महाद्वार रोडला थांबून घेतलेलं लोकरीचं झबलं होतं, पिवळं, कोपऱ्यात बदक विणलेलं. ती ते घेऊन बाळाकडे धावली. "आगं थांब थांब," तानाबाई म्हणाली, "आधी दाव तिला." अनुजा थांबली आणि वळली. आईकडे नाही, ती सरळ राजनंदिनीसमोर येऊन झबलं दोन्ही हातांवर धरून उभी राहिली. आई डोळे मिटून होती. विजयसिंह खिडकीबाहेर बघत होते. सगळे थांबले होते, आणि थांबणं अगदी सहज होतं, बसमध्ये कोणी सुट्टे शोधेपर्यंत कंडक्टर थांबतो तसं. राजनंदिनीने ड्रेसच्या गळ्यातून दोन बोटं आत घातली, टाक बाहेर काढला आणि पिवळ्या लोकरीवर टेकवला. तारेचा एक वेढा लोकरीत अडकला. तिने तो नखाने अलगद सोडवला, एकही धागा न उसवता.

"बगितलं न्हवं तिनं?" तानाबाईने विचारलं.

"बघितलं," राजनंदिनी म्हणाली.